परितारिका-अभिज्ञान व तोतयेगिरीचा शोध

मनुष्याच्या डोळ्यातील परितारिकेच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याच्या, पोतावरून संगणकाच्या साहाय्याने त्याची ओळख पटविण्याच्या पद्धतीस परितारिका-अभिज्ञान असे म्हणतात. व्यवहारात परितारिकेला ‘बुबुळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. कॅमेऱ्यापुढे खऱ्या डोळ्याऐवजी त्याचे छायाचित्र, छापील नक्षीचे स्पर्शभिंग (कॉन्टॅक्ट लेन्स), कृत्रिम डोळा किंवा अन्य बनावट वस्तू आणून यंत्रणेची दिशाभूल करण्याचे प्रयत्न होतात. ते ओळखून काढण्याच्या तंत्रास तोतयेगिरीचा शोध किंवा सजीवता परीक्षण अशी संज्ञा आहे. परितारिका-अभिज्ञानाचा व्यवहारातील वापर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झाला. त्यास फसविण्याच्या युक्त्या व त्यांवरील उपाय यांचा इतिहासही तेव्हापासूनचाच आहे.

रचना व तत्त्व : परितारिका हे स्वच्छमंडलाच्या (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याच्या) मागे असलेले सु. १२ मिमी. व्यासाचे स्नायुमय कडे होय. तिच्या आकुंचन-प्रसरणाने बाहुली लहानमोठी होते आणि डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे नियमन होते. तिच्यातील तंतू, खाचा, वलये व रंगकण यांची मांडणी गर्भावस्थेच्या तिसऱ्या ते आठव्या महिन्यांच्या दरम्यान आकार घेते. या मांडणीचा तपशील बव्हंशी आनुवंशिकतेवर अवलंबून नसतो. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या उजव्या व डाव्या डोळ्यांतील, तसेच एकरूप जुळ्या भावंडांच्या डोळ्यांतील नक्षीही परस्परांहून भिन्न असते. गडद तपकिरी डोळ्यांतील नक्षी कृष्णरंजकामुळे (मेलॅनिनामुळे) दृश्य प्रकाशात नीट दिसत नाही. तथापि सु. ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात ती स्पष्ट होते. म्हणून बहुतेक यंत्रणा अवरक्त दिवे व त्या प्रकाशास संवेदनशील असणारे कॅमेरे वापरतात.

पूर्वेतिहास : पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फाँस बेर्तीयाँ (१८५३–१९१४) यांनी गुन्हेगारांची ओळख ठेवण्यासाठी शरीरमापनाची पद्धत रूढ केली. तीत परितारिकेच्या रंगाचीही नोंद होत असे. परंतु ही नोंद वर्गवारीपुरती होती. तिच्यावरून एका व्यक्तीस दुसरीपासून निश्चितपणे वेगळे काढता येत नव्हते. परितारिकेच्या नक्षीचा ओळखीसाठी उपयोग करण्याची कल्पना अमेरिकन नेत्रवैद्य फ्रँक बर्च यांनी १९३६ मध्ये मांडल्याचे सांगितले जाते. जे. एच. डॉगर्ट यांनी १९४९ मध्ये या नक्षीची तुलना बोटांच्या ठशांशी केली. पुढे लेनर्ड फ्लॉम व ॲरन सफीर या अमेरिकन नेत्रवैद्यांना १९८७ मध्ये या कल्पनेचे एकस्व (पेटंट) मिळाले. मात्र नक्षीचे संख्यांत रूपांतर करून तिची तुलना कशी करावयाची, याची कार्यक्षम रीत त्यांच्याजवळ नव्हती.

ती रीत जॉन डॉगमन यांनी तयार केली. फ्लॉम व सफीर यांच्या विनंतीवरून त्यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात या कामास आरंभ केला आणि पुढे केंब्रिज येथे ते चालू ठेवले. त्यांचा मूलभूत निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९४ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. या रीतीत प्रथम परितारिकेची आतील व बाहेरील सीमा निश्चित करतात. नंतर भौतिकीविज्ञ डेनिस गाबॉर (१९००–७९) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरंगिकांच्या साहाय्याने नक्षीचे विश्लेषण करून २,०४८ द्विमान अंकांचा (बिटांचा) संकेत काढतात. दोन संकेतांतील विसंगत अंकांच्या प्रमाणास ‘हॅमिंग अंतर’ म्हणतात. दोन भिन्न डोळ्यांच्या संकेतांत हे अंतर सरासरीने ०·५ च्या जवळ असते, कारण तेथे प्रत्येक अंक जुळणे वा न जुळणे हा नाणेफेकीसारखाच योगायोग असतो. एकाच डोळ्याच्या दोन प्रतिमांत ते त्याहून बरेच कमी भरते. सामान्यतः ०·३२ च्या आसपासची मर्यादा ठरवून तिच्या खालील अंतर असल्यास ओळख पटली असे मानतात. अमेरिकेतील सार्नोफ संशोधन केंद्रात रिचर्ड वाइल्ड्स यांनीही याच काळात वेगळ्या गणितावर आधारलेली पद्धत विकसित केली.

या पद्धतीची संख्याशास्त्रीय बाजू अत्यंत भक्कम ठरली. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत परितारिका-अभिज्ञानात एकही चुकीची जुळणी आढळली नाही. डॉगमन यांनी २००६ मध्ये ६,३२,५०० परितारिकांच्या सु. २०,००० कोटी परस्पर-तुलनांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवरूनही दोन भिन्न डोळे योगायोगाने जुळण्याची संभाव्यता नगण्य असल्याचे दिसून आले. परंतु या सर्व चाचण्यांत एक गृहीतक होते, ते म्हणजे कॅमेऱ्यापुढे उभी असलेली व्यक्ती प्रामाणिक आहे व तेथे खरोखरच तिचा जिवंत डोळा आहे. योगायोगाने होणारी चूक आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची संभाव्यता मोजता येते. दुसरी तोतयाच्या कौशल्यावर, साधनांवर व त्याला मिळणाऱ्या लाभावर अवलंबून असते.

परितारिका हे गुपित नाही : संकेतशब्द मनात लपविता येतो, डोळा लपविता येत नाही. या गोष्टीचे उदाहरण २००२ मध्ये सर्वांसमोर आले. पेशावरजवळील निर्वासितांच्या छावणीत १९८४ मध्ये टिपलेले एका अफगाण मुलीचे छायाचित्र १९८५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या मुखपृष्ठावर प्रसिद्ध झाले होते. तिचे नाव तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. पुढे २००२ मध्ये एका प्रौढ स्त्रीचा शोध लागला, तेव्हा ती तीच आहे काय, हे ठरविण्यासाठी डॉगमन यांनी जुन्या व नव्या छायाचित्रांतील परितारिकांची तुलना केली. डाव्या डोळ्यासाठी ०·२४ व उजव्यासाठी ०·३१ एवढे हॅमिंग अंतर आले आणि ओळख निश्चित झाली. मासिकासाठी साध्या प्रकाशात काढलेले छायाचित्र अठरा वर्षांनंतर ओळख पटविण्यास पुरेसे ठरले. याचाच दुसरा अर्थ असा की, चांगल्या छायाचित्रात डोळ्याची नक्षी प्रतिकृती करण्याइतपत उपलब्ध असू शकते. संकेतशब्द उघड झाल्यास बदलता येतो. परितारिका मात्र आयुष्यभर तीच राहत असल्याने तिची नक्कल एकदा दुसऱ्याच्या हाती पडली, तर ती परत घेण्याचा मार्ग नसतो. म्हणून या पद्धतीची सुरक्षितता नक्षी गुप्त राहण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. समोरील डोळा जिवंत व खरा आहे की नाही, हे तपासण्यावरच ती अवलंबून असते.

फसवणुकीचे प्रकार : हेतूच्या दृष्टीने फसवणुकीचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात तोतया दुसऱ्या विशिष्ट व्यक्तीचे सोंग घेतो व तिच्या हक्काची वस्तू, पैसा किंवा प्रवेश मिळवितो. यासाठी त्याला त्या व्यक्तीच्या परितारिकेची प्रतिकृती लागते. दुसऱ्या प्रकारात व्यक्तीस कोणाचेही सोंग घ्यावयाचे नसते. स्वतःची ओळख पटू नये एवढाच तिचा हेतू असतो. हा प्रकार तुलनेने सोपा आहे, कारण त्यासाठी नक्षी बिघडविणे किंवा झाकणे पुरेसे असते. साधनांच्या दृष्टीने कागदावरील छापील प्रतिमा, पडद्यावर दाखविलेले छायाचित्र वा चलच्चित्र, रंगीत नक्षीची स्पर्शभिंगे, काचेचे वा प्लॅस्टिकचे कृत्रिम डोळे, औषधाने बदललेला डोळा आणि शवाचा डोळा असे प्रकार संभवतात.

यांशिवाय यंत्रणेच्या अंतर्भागावरही हल्ला होऊ शकतो. नलिनी राठा, जोनाथन कॉनेल व रूड बोल यांनी २००१ मध्ये कोणत्याही जैवमापन यंत्रणेतील आठ दुर्बल ठिकाणे दाखवून दिली. कॅमेऱ्यापुढे बनावट वस्तू आणणे हे त्यांपैकी केवळ पहिले ठिकाण होते. साठविलेले संकेत बदलणे, दळणवळणाच्या मार्गात जुनी प्रतिमा घुसविणे व अखेरचा निर्णयच पालटणे ही इतर ठिकाणेही तेवढीच धोक्याची आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले.

पहिले इशारे : छापील प्रतिमेच्या धोक्याची जाणीव डॉगमन यांना आरंभापासून होती व त्यावरील काही उपाय त्यांनी स्वतःच सुचविले होते. तथापि बाजारात आलेल्या स्वस्त उपकरणांत ते सर्व समाविष्ट झाले नाहीत. जर्मनीतील ट्से टे या संगणकविषयक नियतकालिकात लिझा टालहाइम, यान क्रिसलर व पेटर-मिखाएल झीग्लर यांनी २००२ मध्ये अनेक जैवमापन उपकरणांच्या परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात परितारिका ओळखणारा, संगणकाला जोडण्याचा एक कॅमेराही होता. साध्या शाईफवारा मुद्रकावर छापलेली डोळ्याची प्रतिमा त्या कॅमेऱ्याने प्रथम नाकारली. मग परीक्षकांनी प्रतिमेतील बाहुलीच्या जागी छिद्र पाडले व कागदामागे स्वतःचा डोळा धरला. छिद्रातून खऱ्या डोळ्याची खोल, चमकदार बाहुली दिसताच यंत्रणेने कागदावरील परितारिका ग्राह्य मानली. कोणतीही एकच खूण तपासणारी यंत्रणा तेवढ्याच खुणेची पूर्तता करून फसविता येते, हा या प्रयोगाचा धडा होता. त्याच वर्षी जपानमधील योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील त्सुतोमु मात्सुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनाच्या बनावट बोटांनी अंगुलिमुद्रा-यंत्रे फसविता येतात, हे सिद्ध केले होते. यामुळे सजीवता परीक्षण हा जैवमापनशास्त्राचा एक स्वतंत्र विषय बनला.

शोधाच्या पद्धती : या पद्धतींची तीन गटांत विभागणी करता येते. पहिल्या गटात डोळ्याच्या भौतिक गुणधर्मांची तपासणी होते. डोळ्यावर प्रकाशकिरण पाडल्यास स्वच्छमंडलाच्या पुढील व मागील आणि नेत्रभिंगाच्या पुढील व मागील अशा चार पृष्ठभागांवरून परावर्तन होऊन चार प्रतिबिंबे दिसतात. चेक शरीरक्रियाविज्ञ यान एव्हांगेलिस्टा पुर्किन्ये (१७८७–१८६९) यांनी १८२३ मध्ये त्यांचे वर्णन केले असल्याने ती त्यांच्या नावाने ओळखली जातात. सपाट कागदावर अशी प्रतिबिंबे योग्य स्थानी निर्माण होत नाहीत. कोरियातील ई चुल ली, कांग र्‍योंग पार्क व जेही किम यांनी या तत्त्वावर आधारलेली पद्धत २००६ मध्ये मांडली. कॅमेऱ्याच्या अक्षाजवळून दिवा चमकविल्यास जालपटलावरून प्रकाश परत येऊन बाहुली उजळ दिसते. ही खूणही कागदावर आढळत नाही. तसेच जिवंत ऊती व छपाईची शाई निरनिराळ्या तरंगलांब्यांचा प्रकाश भिन्न प्रमाणांत शोषतात. शाईफवारा मुद्रकाच्या अनेक शाया अवरक्त प्रकाशात जवळजवळ पारदर्शक ठरतात. उलट लेसर मुद्रकाच्या काळ्या पुडीतील कार्बन तो प्रकाश शोषतो आणि त्यामुळे तिने छापलेली नक्षी अवरक्त कॅमेऱ्यास दिसते.

दुसऱ्या गटात डोळ्याच्या हालचाली पाहतात. स्थिर प्रकाशातही बाहुलीचे आकारमान किंचित कमीजास्त होत असते. प्रकाश अकस्मात वाढविल्यास अल्पशा विलंबानंतर ती आकुंचन पावते व प्रकाश काढून घेताच सावकाश प्रसरण पावते. हा विलंब, आकुंचनाचा वेग व नंतरचे प्रसरण यांचा एक ठराविक क्रम असतो. पोलंडमधील आंजे पाट्सुट व आदाम चायका यांनी या क्रमाचे गणिती प्रतिमान वापरून सजीवता ठरविण्याचे संशोधन केले. चायका यांचा यासंबंधीचा विस्तृत निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत कागद व कृत्रिम डोळे यांविरुद्ध प्रभावी आहे. मात्र तिच्यासाठी व्यक्तीस काही सेकंद स्थिर राहावे लागते. शिवाय वार्धक्य, मद्य, औषधे वा नेत्रविकार यांमुळे बाहुलीची प्रतिक्रिया बदलते, त्यामुळे खऱ्या व्यक्तीसही नकार मिळण्याचा संभव असतो.

तिसऱ्या गटात टिपलेल्या प्रतिमेचेच विश्लेषण करतात. छपाई ही ठिपक्यांची नियमित मांडणी असते. फूर्ये रूपांतर केल्यास या नियमिततेमुळे वारंवारता वर्णपटात तीव्र शिखरे उमटतात. नैसर्गिक परितारिकेत ती नसतात. डॉगमन यांनी सुचविलेली ही चाचणी छापील कागदास तसेच ठिपक्यांनी रंगविलेल्या स्पर्शभिंगांस लागू पडते. परंतु मुद्रकाचे ठिपके कॅमेऱ्याच्या चित्रबिंदूंहून सूक्ष्म असतील, तर शिखरे नाहीशी होतात व चाचणी निरुपयोगी ठरते. म्हणून पुढे पोताच्या सांख्यिकीय वर्णनावर आधारलेल्या रीती आल्या. साधारण २०१५ पासून अनेक थरांच्या चेताजालांना (न्यूरल नेटवर्कना) खऱ्या व बनावट डोळ्यांच्या सहस्रावधी प्रतिमा दाखवून भेद शिकविण्याची पद्धत प्रचारात आली.

रंगीत स्पर्शभिंगांचा प्रश्न यांत विशेष अवघड आहे. ती असंख्य लोक केवळ शोभेसाठी वापरतात, त्यांच्यामागील डोळा जिवंत असतो व बाहुलीही प्रकाशास प्रतिसाद देते. अशा भिंगाची अपारदर्शक नक्षी खरी परितारिका अंशतः झाकते व त्यामुळे व्यक्तीची ओळख पटत नाही. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेतील रिचा सिंग व मयंक वत्स आणि अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील केव्हिन बोयर यांच्या गटांनी यावर संयुक्त संशोधन केले. त्यांचा २०१४ मधील निबंध भिंगांमुळे होणाऱ्या परिणामांचा आणि भिंगे ओळखण्याच्या रीतींचा महत्त्वाचा अभ्यास मानला जातो.

सीमा व निर्वासित : परितारिका-अभिज्ञानाचे पहिले मोठे प्रयोग सरहद्दींवर झाले. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर २००१ मध्ये नियमित प्रवाशांसाठी ही सोय सुरू झाली. संयुक्त अरब अमिरातींनी याच सुमारास हद्दपार केलेल्या परदेशी व्यक्तींच्या परितारिकांचा संग्रह सुरू केला व देशात येणाऱ्यांची त्याच्याशी तुलना करण्याची व्यवस्था उभारली. हद्दपार झालेला मनुष्य नव्या नावाचे पारपत्र घेऊन परत येऊ नये, हा तिचा उद्देश होता. येथे फसवणुकीचा दुसरा प्रकार दिसून आला. काही जण बाहुली विस्फारणारे औषध डोळ्यांत घालून येऊ लागले. बाहुली फार मोठी झाली की, परितारिकेचे कडे आकसून अरुंद होते, नक्षी विकृत होते व जुन्या नोंदीशी जुळणी होत नाही. अशा यंत्रणेत जुळणी न होणे याचाच अर्थ प्रवेश मिळणे असा असतो. ही युक्ती ध्यानात आल्यावर बाहुली व परितारिका यांच्या आकारमानांचे गुणोत्तर तपासून अतिविस्फारित डोळा थांबविण्याची तरतूद करण्यात आली.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने २००२ मध्ये पेशावर भागात, मायदेशी परतणाऱ्या अफगाण निर्वासितांसाठी ही पद्धत योजली. परतणाऱ्यास मिळणारे साहाय्य त्याने पूर्वी घेतलेले नाही, एवढीच खात्री करून घ्यावयाची होती. जॉर्डनमधील झातारी छावणीत २०१६ मध्ये सिरियन निर्वासितांना दुकानात डोळा दाखवून धान्य घेण्याची सोय झाली. अशा ठिकाणी चुकीच्या नकाराची किंमत अन्नाच्या रूपाने मोजावी लागते आणि तक्रार करणाऱ्याजवळ बहुधा दुसरा पुरावा नसतो. म्हणून सजीवता परीक्षण किती कडक असावे, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

संकेत, छायाचित्र व मोबाइल : साठविलेल्या संकेतावरून मूळ डोळ्याची प्रतिमा पुन्हा तयार करता येणार नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. स्पेनमधील हाव्हिएर गालबाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा समज खोटा ठरविला. एका कृत्रिम प्रतिमेत क्रमाक्रमाने बदल करीत तिचा संकेत चोरलेल्या संकेताशी जुळेपर्यंत संगणकीय शोध घेण्याची रीत त्यांनी दाखविली. अशा प्रतिमा अभिज्ञान-यंत्रणेने बहुसंख्य वेळा खऱ्या म्हणून स्वीकारल्या. संकेतांचा संग्रह हा प्रत्यक्ष डोळ्यांच्या प्रतिमांच्या संग्रहाइतकाच जपला पाहिजे, हे यावरून सिद्ध झाले.

दूरवरून परितारिका टिपण्याचे तंत्रही दरम्यान प्रगत झाले. सार्नोफ केंद्राने सु. तीन मीटर अंतरावरून, चालत्या व्यक्तीची परितारिका टिपणाऱ्या यंत्रणेचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध केले. परितारिका ओळखणारा पहिला मोबाइल २०१५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. गॅलॅक्सी एस ८ हा मोबाइल २०१७ मध्ये बाजारात आल्यावर महिन्याभरातच जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबने त्याची यंत्रणा फसवून दाखविली. २००२ च्या प्रयोगातील यान क्रिसलर यांचेच हे काम होते. रात्रीच्या छायाचित्रणास योग्य अशा कॅमेऱ्याने सु. पाच मीटरपर्यंतच्या अंतरावरून डोळ्याचे छायाचित्र घेऊन ते लेसर मुद्रकावर छापले गेले व त्यावर साधे स्पर्शभिंग ठेवण्यात आले. छायाचित्र अवरक्त प्रकाशात घेतल्याने नक्षी स्पष्ट उमटली आणि भिंगामुळे कागदास डोळ्याची वक्रता व चमक प्राप्त झाली. पंधरा वर्षांत साधने बदलली होती. युक्तीचे तत्त्व तेच होते. त्याच कंपनीने २०१९ च्या मालिकेत परितारिका-अभिज्ञानाची सोय वगळली.

मृत डोळा : मृत्यूनंतर परितारिका लगेच निरुपयोगी होते, असा समज रूढ होता व त्यामुळे शवाचा डोळा हा काल्पनिक धोका मानला जाई. पोलंडमधील माटेउश त्रोकिएलेविच, आदाम चायका व पिओत्र माचेयेविच यांनी २०१६ पासून केलेल्या अभ्यासांत तो टिकला नाही. शवागारातील थंड तापमानात मृत्यूनंतर काही तास अभिज्ञान जवळजवळ निर्दोष होते आणि क्वचित एकवीस दिवसांपर्यंतही ओळख पटू शकते, असे त्यांना आढळले. या संशोधनाचा न्यायवैद्यकात, विशेषतः मृतांची ओळख पटविण्यासाठी, उपयोग आहे. त्याचबरोबर जिवंत व मृत डोळ्यांत भेद करणाऱ्या पद्धतीही याच गटाने विकसित केल्या.

मूल्यमापन व मानके : निरनिराळ्या पद्धतींची एकाच कसोटीवर तुलना करण्यासाठी अमेरिकेतील क्लार्कसन व नोत्र दाम विद्यापीठे आणि वॉर्सा तंत्रविद्यापीठ यांनी २०१३ मध्ये ‘लिव्हडेट-आयरिस’ ही स्पर्धा सुरू केली. पुढे २०१५, २०१७, २०२० व २०२३ मध्येही ती भरविण्यात आली. आय्‌एस्‌ओ/आय्‌ईसी ३०१०७ या आंतरराष्ट्रीय मानकाचा पहिला भाग २०१६ मध्ये व परीक्षणविषयक तिसरा भाग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या मानकानुसार प्रत्येक यंत्रणेसाठी दोन प्रमाणे मोजतात. एक, बनावट वस्तू खरी म्हणून स्वीकारली जाण्याचे व दुसरे, खरा डोळा बनावट म्हणून नाकारला जाण्याचे. एक प्रमाण घटविण्याचा प्रयत्न केल्यास सामान्यतः दुसरे वाढते.

स्पर्धा आयोजकांनी २०२० मध्ये शवाच्या डोळ्यांसारखे नवे प्रकार समाविष्ट केले. तेव्हा विजेत्या पद्धतीने खरे डोळे नाकारण्याचे प्रमाण केवळ ०·४६ टक्के ठेवले, पण बनावट नमुन्यांपैकी ५९·१० टक्के नमुने तिच्या तपासणीतून निसटले. पूर्वी पाहिलेल्या युक्त्या ओळखण्यात ही तंत्रे निष्णात होतात. न पाहिलेली युक्ती समोर आली की त्यांची गती खुंटते. या क्षेत्रातील संशोधनापुढील हा प्रमुख प्रश्न होय.

भारतातील स्थिती : जगातील सर्वांत मोठा परितारिका-संग्रह भारतात आहे. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ मध्ये झाली आणि पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. या योजनेत दहा बोटांचे ठसे, दोन्ही परितारिका व चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. कष्टाच्या कामाने ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, अशा शेतमजूर व कामगार यांची ओळख परितारिकेवरून पटू शकते, हे तिच्या समावेशाचे एक महत्त्वाचे कारण होते. तसेच कोट्यवधी नोंदींतून एकाच व्यक्तीची दुबार नोंद शोधून काढण्यास केवळ बोटांचे ठसे पुरेसे नव्हते.

भारतातील एका बहुचर्चित प्रकरणाने यंत्रणेच्या अंतर्भागातील दुर्बलता उघड केली. उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कार्य दलाने सप्टेंबर २०१७ मध्ये कानपूर येथे एका टोळीस अटक केली. अधिकृत नोंदणीचालकांच्या बोटांचे बनावट ठसे तयार करून अनधिकृत व्यक्ती नोंदणी करीत होत्या. चालकांसाठी परितारिकेची पडताळणी आल्यावर ती टाळण्यासाठी नोंदणीच्या संगणक-कार्यक्रमातच फेरफार करण्यात आले, असे पोलिसांनी सांगितले. येथे डोळ्याची प्रतिकृती करण्याची गरजच पडली नव्हती; डोळा विचारणारा भागच दूर करण्यात आला होता. प्राधिकरणाने २०१७ मध्ये नोंदणीकृत उपकरणांची सक्ती केली. त्यांत टिपलेली जैवमापन माहिती सांकेतिक लिपीत बद्ध होते व जुनी प्रतिमा पुन्हा पाठविण्यास आळा बसतो. बोटाच्या ठशांसाठी सजीवता तपासणारी नवी व्यवस्था २०२३ मध्ये जाहीर झाली. नागरिकास आपली जैवमापन माहिती वापरासाठी बंद ठेवण्याची सोयही उपलब्ध आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात आधार कायद्याचा मोठा भाग वैध ठरविला. त्याचबरोबर प्रमाणीकरण अयशस्वी झाले, या कारणास्तव पात्र व्यक्तीस लाभापासून वंचित ठेवू नये, अशी भूमिकाही घेतली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला वृद्ध, डोळ्याला इजा झालेला कामगार किंवा कॅमेऱ्याकडे स्थिर पाहू न शकणारे मूल यांना यंत्राने नाकारले, तरी ती फसवणूक नसते.

महत्त्व व मर्यादा : परितारिका-अभिज्ञानाचा प्रसार अद्याप चालू आहे. माणसाचे एकमेवत्व सिद्ध करण्यासाठी परितारिका टिपणारा एक खाजगी जागतिक उपक्रम २०२३ मध्ये सुरू झाला; त्यास केन्याने त्याच वर्षी व स्पेनने २०२४ मध्ये स्थगिती दिली. यावरून ही माहिती कोणी गोळा करावी व कोणाच्या स्वाधीन असावी, याविषयीची चिंता दिसून येते. तोतयेगिरीचा शोध घेणारी तंत्रे त्या चिंतेचे एकट्याने निवारण करू शकत नाहीत. एकापेक्षा अधिक खुणांची तपासणी, सुरक्षित उपकरणे, संकेतांचे संरक्षण व आवश्यक तेथे माणसाची देखरेख यांची जोड द्यावी लागते. या साऱ्यानंतरही यंत्राचा नकार अंतिम मानता येत नाही. नाकारल्या गेलेल्या खऱ्या माणसास आपली ओळख अन्य मार्गाने सिद्ध करण्याची सोय असणे, हा अशा प्रत्येक यंत्रणेचा आवश्यक घटक होय.